दोन लाखांच्या आत जुनं स्वयंपाकघर: आधी भाकरीची उंची मोजा

आमचं घर सोलापुरात, साखर पेठेत. सासऱ्यांनी १९७८ साली एका विणकर कुटुंबाकडून घेतलेलं. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली शहाबादी फरशी. सगळ्यात मागे स्वयंपाकघर, त्याच्या पुढे माजघर, आणि जेवणं माजघरात पाट मांडून. इतकी वर्षं तसंच चाललं. मग सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसवेना, आणि माझा उजवा खांदा मला रात्री झोपू देईना. डॉक्टरांनी विचारलं, खांद्याला काम काय पडतं? रोजच्या पंधरा-सोळा भाकऱ्या, दुसरं काय सांगणार!

घरी येऊन ओटा मोजला. ३६ इंच भरला. तो बांधणाऱ्याने तेव्हा कुणालाच उंची विचारली नव्हती. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या ओट्यावर परात ठेवली की तिचा काठ माझ्या कोपराच्याही वर जातो, मग भाकरी थापायला खांदे वर उचलावे लागतात. अशा भाकऱ्या मी वीस वर्षं थापल्या.

म्हणून जुनं स्वयंपाकघर दुरुस्त करायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते: दुकानात जाऊ नका, टाइल्स बघू नका, आधी घरात जो स्वयंपाक करतो त्याचं माप घ्या. मी एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, त्यामुळे या कामाची पै न् पै मांडलेली आहे. दोन लाख बाजूला काढले होते. त्यातले १,७०,००० कामाला आणि ३०,००० भिंतीच्या आत काय निघेल त्याला. प्रत्यक्षात १,८५,००० लागले.

आठ दिवस वही, दोन दिवस विटा

काम सुरू करण्याआधी आठ दिवस एक वही स्वयंपाकघरात टांगून ठेवली. वाकावं लागलं की एक रेघ, टाचा उंचावाव्या लागल्या की एक रेघ, एका हातात गरम भांडं घेऊन दुसऱ्या हाताने काही हलवावं लागलं की फुली. आठवड्याने बघितलं तर सगळ्यात जास्त रेघा पाण्याच्या पिंपाशी होत्या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणाचं पाणी आलं की भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. पिंप दारामागे होतं, ओटा समोरच्या भिंतीला, त्यामुळे दर तांब्यामागे सहा पावलं. फुल्या निघाल्या त्या भात वेळताना, कारण शेगडीजवळ भांडं टेकवायला वीतभरही जागा नव्हती. या दोन गोष्टी कुठल्याही दुकानदाराने मला सांगितल्या नसत्या.

उंचीचं माप असं घ्या. चप्पल घालून स्वयंपाक करत असाल तर चप्पल घालून, नाहीतर अनवाणी, सरळ उभं राहा. कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून चार ते पाच इंच कमी करा. चिरायला, निवडायला, शेगडी ठेवायला ती उंची बरी पडते. माझं कोपर ३७ इंचांवर, म्हणून ओटा ३२.

पण भाकरीचं गणित वेगळं आहे. पोळी लाटताना जोर पुढे जातो, भाकरी थापताना तो वरून खाली येतो. परातीच्या काठाची दोन-अडीच इंच उंची त्यात आणखी मिळवा. त्यामुळे ३२ इंचाचा ओटासुद्धा भाकरीला उंच पडतो. मी परसात विटा रचल्या, वर एक फळी टाकली आणि सलग दोन दिवस तिथे भाकऱ्या थापल्या. आधी ३० इंच, मग २८, मग २७. सत्तावीसला खांदा आपोआप खाली आला. सासूबाईंनी तिथेच स्टूल मागवलं आणि बसून चार भाकऱ्या थापल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात पिठाला लागला होता. ‘हितंच बांध गं माझी जागा,’ म्हणाल्या. ओटा दोन उंचीचा करायचं तेव्हाच ठरलं.

विटांची ही चाचणी फुकट आहे. ती केल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका.

काय पाडायचं नाही

जुन्या घरात बरेचसे पैसे चांगल्या गोष्टी फोडून टाकण्यात जातात. आधी फोडायची मजुरी, मग राडारोडा उचलायची, मग नवीन आणायची. आमच्याकडे पहिल्यांदा बघायला आलेल्या ठेकेदाराने अर्ध्या तासात सांगून टाकलं की फरशी काढा, मधली भिंत पाडा, खिडकीपर्यंत टाइल्स लावा. आकडा साडेचार लाख.

मधल्या भिंतीचं आधी सांगते. माळवदाच्या घरात छताचं सगळं ओझं भिंतींवर आणि तुळयांवर असतं. वर मातीचे थर असतात, आणि वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेल्याने ते वाढतच जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची जड घरं कशी बसली, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. मोकळं, ऐसपैस दिसावं म्हणून अशा घराची भिंत पाडू नका. पाडण्याशिवाय इलाजच नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि महापालिकेची परवानगी घ्या. आम्ही स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधलं दार होतं तेवढंच ठेवलं, त्याची फक्त कवाडं काढली. उजेड आला, वाट मोकळी झाली, खर्च शून्य. कवाडं पुढे कामाला आली, ते नंतर सांगते.

तुळया मात्र तपासा. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. लाकूड सहज आत गेलं किंवा भुसा पडला तर ओल किंवा वाळवी आहे, आणि मग बाकी सगळं थांबवून आधी तेच काम करावं लागतं. आमच्या पाचही तुळया टणक निघाल्या.

फरशीबद्दल आमचे गवंडीमामा पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘ताई, ही फरशी काढू नका बगा. एवढा जाड दगड आता मिळत न्हाई.’ शहाबाद आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर. तिथला हा दगड आपल्या सगळ्या जुन्या घरांत आहे आणि मे महिन्यात पायाला त्याच्याइतकं गार काही लागत नाही. आम्ही फुटलेल्या चार फरशा बदलल्या, सांधे खरवडून पुन्हा भरले आणि मशिनने घासून घेतलं. आरशासारखी चकाकी मुद्दाम आणली नाही, कारण ओल्या स्वयंपाकघरात म्हातारं माणूस त्यावर घसरतं. एक लक्षात ठेवा: शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिडने धुतला की त्याची वरची कातडी जाते, आणि लिंबू-चिंचेचं पाणी सांडून राहिलं तरी पांढरा डाग पडतो. साध्या पाण्याने पुसा.

कोनाडेही बुजवू नका. दोन फूट जाडीच्या भिंतीतला कोनाडा म्हणजे आयतं कपाट. आमच्या तीन कोनाड्यांत कडाप्प्याच्या पट्ट्या टाकून मसाल्याचे डबे बसवले. ट्रॉल्यांचं दरपत्रक आलं होतं ९०,००० चं. ते परत केलं.

ओल आलेली भिंत

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागची भिंत तीन फुटांपर्यंत कायम ओली असायची. पोपडे सुटायचे, पांढरा लोणा यायचा. आधी कुणीतरी तिला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइल पेंट मारला होता. दगड-मातीची भिंत ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंट आणि ऑइल पेंटने तिची सोडायची वाट बंद होते. पाणी आतच राहतं, मातीचे सांधे भिजतात, आणि ओल वाट शोधत आणखी वर चढते. अशा भिंतीवर वरपर्यंत टाइल्स लावल्या तर वर्ष-दोन वर्षं छान दिसतं, मग ओल टाइल्सच्या वरून डोकं काढते. आमच्या नात्यातल्या एका घरी असंच झालं आणि त्यांना दोनदा खर्च पडला.

आधी ओल कुठली ते ओळखा. वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती स्वयंपाकाची वाफ आहे आणि उपाय हवेचा करायचा आहे. आमच्याकडे आत जमले. मग बाहेर जाऊन बघितलं. माळवदाच्या पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच भिंतीच्या पायाशी पडत होतं आणि मोरीची गटार तिथेच फुटलेली होती. पन्हाळीला पाइप जोडून पाणी लांब सोडलं, गटार दुरुस्त केली. आतल्या भिंतीला हात लावायच्या आधी हे दोन्ही करून घ्या, नाहीतर आतला सगळा खर्च पाण्यात.

आत सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढला. ब्रेकर लावू देऊ नका, त्याच्या हादऱ्याने दगडांमधली माती सुटते. दगड उघडे पडले की सांधे इंचभर खरवडून घेतले आणि भिंत महिनाभर तशीच वाळू दिली. घरातले सगळे कंटाळले होते, पण हा महिना वाचवू नका. मग चुन्याने दर्जा, म्हणजे ते खरवडलेले सांधे, भरल्या आणि चुन्याचा गिलावा केला. एक भाग विरवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. दोन पातळ थर, मध्ये काही दिवस सोडून. चुना सिमेंटसारखा रात्रीत घट्ट होत नाही. थेट ऊन-वारा लागला की तडकतो, म्हणून ओलं तरट टांगून आठवडाभर पाणी शिंपडत राहावं लागतं. दिवाळीनंतरचे थंड दिवस त्यासाठी उत्तम. आम्ही तुळशीचं लग्न झाल्यावर काम काढलं ते याच कारणाने. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ च्या पुढे गेल्यावर, चुन्याचं काम काढू नका.

कळीचा, म्हणजे पाणी न लागलेला, चुना घरी विरवणार असाल तर लोखंडी पिंपात विरवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, कारण तो उकळतो. चुना पाण्यात हळूहळू टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुलं लांब हवीत. विरलेला चुना पाण्याखाली पंधरा दिवस तरी मुरू द्या.

वर रंगही चुन्याचाच. पातळ तीन हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली करून. त्यात थोडी पिवडी घातली. सकाळी मागच्या खिडकीतून ऊन आलं की भिंत ताज्या लोण्यासारखी दिसते. टाइल्स फक्त शेगडी आणि सिंकच्या मागे, दोन फूट उंच. गिलावा आणि दर्जांचे ३२,००० झाले, रंगाचे ८,०००. पूर्ण भिंतीला टाइल्स लावण्यापेक्षा ते फार स्वस्त नव्हतं, पण दुसरा पावसाळा गेला तरी भिंतीला पोपडा आलेला नाही.

पाणी, मोरी, वीज, गॅस

पाण्याची टाकी माळवदावर ठेवू नका. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. आमची ५०० लिटरची टाकी परसात लोखंडी घोडीवर आहे, पाय जमिनीत रोवलेले. सिंकला तेवढा दाब पुरतो. सिंकवर दोन नळ घेतले. एक टाकीचा, भांड्यांसाठी. दुसरा बोअरचा असावा असं प्लंबरचं म्हणणं होतं. बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग ठेवतं, म्हणून तो नळ मी मोरीतच ठेवला आणि सिंकवर दुसरा नळ पिण्याच्या वेगळ्या छोट्या टाकीचा घेतला. पिंप आता ओट्याच्या टोकाला, उंच कट्ट्यावर, खाली तोटी बसवलेलं. ती सहा पावलं आणि वाकणं, दोन्ही गेलं.

सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार हवा. पाइप बुजवण्याआधी बादलीभर पाणी ओतून स्वतः बघा, कुणाच्या शब्दावर राहू नका. सिंकखाली ट्रॅप, म्हणजे पाइपचा वाकवलेला भाग, हवाच. त्यात साठून राहणारं पाणीच वास आणि झुरळं अडवतं.

सिंकच्या बाबतीत मी चुकले. स्वस्त मिळालं म्हणून १८ इंची सिंक आधीच घेऊन ठेवलं. भाकरीची परात त्यात तिरकी करूनही बसेना. दुकानदाराने ६०० रुपये कापून परत घेतलं, मग २४ बाय १८ इंची घेतलं. सिंक घ्यायला जाताना घरातली मोठी परात बरोबर न्या.

विजेचं थोडक्यात. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग सगळं काढून टाका, त्यातलं काही वापरू नका. दगडी भिंतीत खाचा मारायचा खर्चही मोठा आणि भिंतीलाही वाईट, म्हणून वरून, तारा आत घालायची केसिंग पट्टी. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, मिक्सर-फ्रिजच्या सॉकेटना अडीचची, इंडक्शनला वेगळी चारची. अर्थिंग नवीन, आणि करंट गळला की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. ओल्या हाताचं काम इथेच असतं, तेव्हा यात काटकसर करू नका. परवानाधारक वायरमनच बोलवा. दिवा छताच्या मध्यभागी एकटा नको, नाहीतर आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या फळीच्या खाली, आपल्या समोर, एक दिव्याची पट्टी लावा.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. सिलिंडरच्या जागेला जमिनीलगत जाळीचं भोक ठेवा आणि तो बंद कपाटात कोंडू नका. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी बदलाच.

चिमणी घेतली नाही. भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा बसवला. आणि पूर्वी चुलीचा धूर जायला माळवदात ठेवलेलं साणं, जे पत्र्याने झाकून टाकलं होतं, ते पुन्हा उघडलं. कडेने सहा इंच कठडा, बाजूंना बारीक जाळी, वर जाड काच. फोडणीचा ठसका आता वर निघून जातो आणि दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागत नाही. साणं आणि खिडकी मिळून ११,०००. या सगळ्या घरात मला विचाराल तर सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

ओटा

मोठा भाग आठ फूट लांब, दोन फूट रुंद, ३२ इंच उंच. त्याच्या डाव्या टोकाला तीन फूट लांबीचा, २७ इंच उंचीचा भाकरीचा कट्टा. कट्ट्याखाली कप्पा नाही, पाय आत जायला मोकळी जागा, म्हणजे स्टुलावर बसता येतं. भाकरीची शेगडी लगेच शेजारी, म्हणजे थापलेली भाकरी हातावर घेऊन चालावं लागत नाही. शेगडी आणि सिंकमध्ये दोन फूट मोकळी जागा सोडली, भात वेळायला.

वर काळा ग्रॅनाइट, खाली कडाप्प्याचे उभे आधार. कडाप्पाच वरही घातला असता तर आणखी वाचले असते, पण तोही चुनखडीचाच, लिंबाने मरतो. ग्रॅनाइटला लिंबाचं काही होत नाही. वखारीत मोठ्या कामांतून उरलेले तुकडे असतात, ते मागा. आपला ओटा लहान, दोन तुकड्यांत भागतो. सांधा सिंकजवळ येऊ देऊ नका. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळ तिथेच तुटतो आणि कपाटाच्या दारावर उतरत नाही. ओटा, सिंक, मजुरी मिळून ३६,०००.

शेंगाची चटणी ओट्यावर कुटायची नाही, ग्रॅनाइटला तडा जातो. आमचं उखळ जमिनीतच होतं, कोपऱ्यात. ते काढायचं सगळ्यांनी सुचवलं. मी ठेवलं, कारण तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी मिक्सरमध्ये होत नाही. आता मुलगा उभ्याने लांब मुसळाने कुटतो.

माजघर आणि खड्डा

माजघराची फरशी मध्ये दोन इंच खचलेली होती. टेबल ठेवलं असतं तर डुगडुगलं असतं. चार फरशा उचलल्या आणि खाली निघाला विणकराचा खड्डा. पूर्वी इथे खड्डामाग होता. विणकर काठावर बसून पाय खाली सोडायचा आणि पायाने पावड्या मारायचा. माग गेल्यावर कुणीतरी तो खड्डा राख, खापऱ्या आणि चिंध्यांनी भरून टाकला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या जुन्या घरांत फरशी अशी बशीसारखी खचलेली दिसली तर खाली काय आहे ते आधी बघा. वरून सिमेंट ओतून सपाट करू नका, ते पुन्हा खचतं.

फरशा काढताना प्रत्येकीवर खडूने आकडा घातला आणि त्याच क्रमाने भिंतीला उभ्या केल्या. अडीच फूट खोल भराव पूर्ण उपसला. सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला. आठवडाभर तसंच सोडलं, वर ३ इंच काँक्रीट, मग त्याच फरशा त्याच जागी. याचा खर्च आधी कुणीच धरला नव्हता, तो त्या ३०,००० मधून निघाला. उपसताना लाकडाची एक जुनी नळी सापडली, सूत गुंडाळायची. ती देवळीत ठेवली आहे.

खोली दहा बाय अकरा. चारी बाजूंनी खुर्च्या ठेवल्या तर चालायला जागा उरत नाही, म्हणून भिंतीला लागून बाकडं आणि समोर खुर्च्या. टेबल पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, ३० इंच उंच. माणशी दोन फूट धरा. बाकडं १८ इंच, त्याच्या पोटात ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या बसतात. सासूबाईंची खुर्ची मात्र २० इंचांची आणि हातांची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच बैठकीवरून, हाताला रेटा देऊन, उठणं सोपं जातं.

टेबलाची फळी म्हणजे मधल्या दाराची काढलेली सागवानी कवाडं. सुताराने रंधा मारला, बिजागऱ्यांची भोकं त्याच लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली, फटींत पट्ट्या घातल्या. पॉलिशऐवजी जवसाचं उकळलेलं तेल, तीन हात. तेल लावलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. पाय जुन्या लाकडाच्या वखारीतून आणले. बाकड्याच्या गादीला घरातल्या विरलेल्या सोलापुरी चादरींच्या चांगल्या कडा शिवून घेतल्या. टेबल, बाकडं, फळ्या, सगळं सुतारकाम २६,०००.

माणसं आणि पैसे

ज्या कामाचं माप घेता येतं ते उक्तं, म्हणजे सगळ्याचा एक आकडा ठरवून, द्या: ओटा, टाइल्स, फरशी घासणं, वायरिंग. जुन्या भिंतीचं काम मात्र रोजाने द्या. आत काय निघेल ते गवंड्यालाही माहीत नसतं. उक्तं दिलं तर तो एकतर भीतीपोटी दुप्पट सांगतो, नाहीतर नुकसान व्हायला लागलं की उरकतो. साहित्य स्वतः आणा. मजुरी आठवड्याच्या बाजारादिवशी, झालेल्या कामापुरती, वहीत सही घेऊन. शेवटचे दहा टक्के महिनाभराने, सगळे नळ आणि उतार बघून.

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस हिशेबातून वगळा. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे आमचे गवंडीमामा नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात, त्या आठवड्यात काम बंद. तो आठवडा आम्ही चुना वाळायला दिला.

क्रम चुकवू नका: फोडकाम, मोरीचा पाइप, पाण्याचा पाइप, गिलावा, वायरिंग, ओटा, टाइल्स, रंग, आणि फरशी घासणं सगळ्यात शेवटी. आधी घासली तर वरचं प्रत्येक काम तिच्यावर ओरखडे पाडतं. दोन महिने आम्ही ओसरीवर एका शेगडीवर स्वयंपाक केला. त्यासाठी एक टेबल, एक पिंप आणि एक दिवा आधीच मांडून घ्या. उपाशीपोटी घाईघाईत घेतलेले निर्णय महाग पडतात.

उरलेला हिशेब: नळ आणि मोरी २८,०००, वीज २४,०००, दोन्ही खोल्यांची फरशी १४,०००, राडारोडा उचलणं ६,०००.

पाइप आणि तारा झाकण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती ते दिसेल असे. मी ते छापून घेतले आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवले. प्लंबर आला की हल्ली आधी ते दार उघडतो.